खोट्या भाचीचे खरे जुलाब

चहा घेताय ना? मग आधी तो संपवा. बिस्किटही संपवा, मी थांबते. कारण मी जे सांगणार आहे ते तोंडात घास असताना ऐकायचं नाही. नंतर म्हणाल, हिने आमचा चहा नासवला. माझ्या नावावर आधीच पुरेशी पापं आहेत. त्यातलं सगळ्यात वास मारणारं आज सांगते.

तर आमच्याकडे सोनी होती. सोनी म्हणजे मांजर. बघा, किती सोपं आहे हे सांगणं! 'सोनी म्हणजे मांजर.' हेच एक वाक्य मी तेव्हा, एका ठिकाणी, योग्य माणसासमोर बोलले असते तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

आम्ही भिवंडीत, नारपोलीला राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. दिवसभर खटाक-खटाक-खटाक. पाहुणे आले की विचारायचे, "या आवाजात तुम्हाला झोप कशी लागते?" अहो, आम्हाला आवाज थांबला की जाग यायची! लोडशेडिंगला वीज गेली, लूम गप्प झाले, की मी दचकलेच. तशी मी कशानेही दचकते. कुकरची शिट्टी, फोनची रिंग, मागून कोणी नुसतं 'अगं' म्हणालं तरी. बी.कॉम. पास झाल्याचं ऐकूनसुद्धा दचकले होते.

सोनी मात्र जन्मली तीच खालच्या शेडमध्ये. तिची आई तिला सुताच्या ढिगाऱ्यावर टाकून गेली ती गेलीच. मी उचलून वर आणली. लूमच्या आवाजात वाढलेली ती, कशालाच भ्यायची नाही. मी अभ्यासाला बसले की पायांवर येऊन बसायची आणि घुर्र घुर्र करायची. ती पायांवर असली की माझं दचकणं थांबायचं. हसू नका. घरात मला घाबरवत नव्हती अशी ती एकटीच होती.

आता आमचे बाबा. शाळेत पीटीचे सर. गळ्यात शिट्टी, पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. बुटांना ते स्वतःच्या हाताने पांढरं लावायचे आणि खिडकीत वाळत ठेवायचे. देवाच्या टाकांना एवढा मान नव्हता.

सोनीसाठी बाल्कनीत एक निळा टब ठेवला होता. त्यात रेती. सोनी तिथे जायची, आपलं काम करायची, वर नीट रेती ओढायची आणि यायची. तक्रार एवढीच की पायाला लागलेली रेती घरभर यायची. एकदा बाबांच्या पांघरुणात निघाली. बाबा म्हणाले, "हे घर आहे की लांब उडीचा खड्डा?"

झालं! मला वाटलं, आपण शिकलेल्या. आपण यावर उपाय शोधला पाहिजे.

तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. मी नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेले. बाजूला एक मुलगा नोकरीचा अर्ज भरत होता आणि मी मांजरीच्या संडासाचा अभ्यास करत होते. एका इंग्रजी साइटवर लिहिलं होतं, मांजरीचे तळवे फार नाजूक असतात. तिला खरखरीत काही देऊ नका. मऊ द्या, धूळ न उडणारं द्या. खाली त्याच्या पाकिटांचे फोटो होते. पाकिटं! नारपोलीत! जिथे माणसांना नळाचं पाणी वेळेवर मिळायची मारामार, तिथे मांजरीच्या शीसाठी पाकीट कुठलं मिळायला?

पण मऊ? धूळ न उडणारं? भिवंडीत असं काय आहे, सांगा बघू?

सूत!

लूमवर तुटलेले, गुंता झालेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे. ढीगच्या ढीग पडलेले असतात. गॅरेजवाले हात पुसायला नेतात. मी खालच्या शेडमधून पिशवी भरून आणली, रेती टाकून दिली, टब धुतला आणि त्यात ते मऊ मऊ सूत पसरलं. एवढं सुंदर दिसत होतं की मलाच त्यात बसावंसं वाटलं.

आणि सोनी? अहो, काय सांगू तिचा आनंद! टब सोडायलाच तयार नाही. सकाळी टबात, दुपारी टबात. डोळे मिटून, नाक खुपसून बसलेली.

मी आईला म्हटलं, "बघितलंस? याला म्हणतात शिक्षणाचा उपयोग."

आई म्हणाली, "बसते तिथे हे दिसतंय. पण करते कुठे?"

आईला असे प्रश्न फार नेमके सुचतात.

उत्तर संध्याकाळी तांदळाच्या डब्यामागे मिळालं. दुसरं पायपुसण्यावर. तिसरं टीव्हीच्या खाली, आणि ते वाहत वाहत मालिकेच्या वेळेला बाहेर आलं. कारण नुसती जागाच बदलली नव्हती हो, पोटही बिघडलं होतं! पातळ पाणी! मी फिनेल आणि फडकं घेऊन तिच्या मागे, ती पुढे. 'टबात जा गं बाई, टबात!' मी तिला उचलून टबात ठेवायची. ती टबात मजेत बसायची. आणि पोटात कळ आली की टबातून बाहेर उडी मारून पळायची!

मला सांगा, कुठल्या मांजरीला संडास फक्त बसायला आवडतो?

आणि मग तो दिवस उजाडला. शाळेत क्रीडा महोत्सव. बाबा तयार. पांढरा शर्ट, पांढरी पँट, तोंडात शिट्टी. डावा बूट घातला. उजव्या बुटात पाय घातला.

बाबांनी शिट्टी वाजवली. घरात! एवढ्या जोरात की खाली लूमवरची माणसं वर बघायला लागली.

"गोणी!" बाबा म्हणाले. मोजा काढत, नाक धरत, फक्त एकच शब्द. "गोणी!"

"बाबा, नको ना हो..."

"रविवारपर्यंत हिचं पोट आणि हिची जागा, दोन्ही ठिकाणावर आलं पाहिजे. नाही तर रविवारी हिला गोणीत घालून अंजूरला सोडून येणार. मोकळं शेत आहे तिकडे. करू दे कुठे करायचं तिथे."

"ती मरेल तिकडे!"

"आणि आम्ही इकडे!"

बाबा बोलले की करतात. मैदानावर पोरांना उन्हात उभं करणारा माणूस, मांजरीची काय गय करतो? माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे आता घरात दोघींची पोटं बिघडलेली.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. दारात एक म्हैस उभी होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि शिंकली. मी जी पळत सुटले ती थेट चौकात. परत जायची हिंमतच झाली नाही. आणि त्या चौकातच समोर डॉक्टरांचा दवाखाना दिसला. माणसांच्या डॉक्टरांचा.

तुम्ही म्हणाल, तिथे कशाला गेलीस? अहो, मला फक्त विचारायचं होतं! जुलाब ते जुलाब. मनात ठरवूनच गेले होते की खरं सांगायचं. नंबर आला, पडद्याच्या आत गेले, डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि खेकसले, "काय होतंय?"

मी दचकले.

"मला नाही. तिला. जुलाब होतायत."

"तिला कोणाला?"

आता म्हणायचं ना, मांजरीला! पण बाहेर बाकड्यावर ताप आलेली माणसं कण्हत होती, डॉक्टर वैतागलेले, आणि मी मांजर घेऊन त्यांचा वेळ खातेय? माझ्या तोंडून निघून गेलं, "भाचीला."

"वय?"

"दोन वर्षं." हे खरं होतं.

"किती वेळा झालं?"

"आज... बुटातलं धरून?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बुटात?"

"तिला टबात बसवलं तरी ती बाहेर येऊनच करते."

"खाते काय?"

"दूध, मासे. काल पाल पकडली होती. खाल्ली की नाही ते मी नाही बघितलं."

"अहो, तुमचं लक्ष कुठे असतं? दोन वर्षांची पोर पाल तोंडात घालते आणि तुम्ही बघत नाही? आई कुठे आहे तिची?"

आणि मी, बी.कॉम. सेकंड क्लास, काय म्हणाले असेन?

"ती हिला लूमच्या शेडमध्ये टाकून गेली."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "मुलीला ताबडतोब घेऊन या. बघितल्याशिवाय मी औषध देणार नाही. तोपर्यंत मीठ-साखरेचं पाणी पाजा. आणि घरातल्या मोठ्या माणसांना पाठवा."

मी पडदा सारून बाहेर आले तर बाकड्यावर नसीम खाला. पलीकडच्या गल्लीत राहायच्या, शिवणकाम करायच्या. माझ्या ताईच्या लग्नातले सगळे ब्लाउज त्यांनीच शिवलेले. आणि माझ्या ताईला, हे आता सांगायलाच हवं, दोन वर्षांची मुलगी आहे. पिंकी. ताईचं सासर कशेळीला.

खालांच्या डोळ्यांत पाणी. माझा हात घट्ट धरला.

"मीनू बेटा, मैंने सब सुन लिया. तेरी दीदी ऐसी तो नहीं थी रे! ससुराल में कुछ झगडा हुआ क्या?"

"नाही नाही खाला, वो..."

"बच्ची को शेड में छोड के गई? हाय अल्ला!"

अख्खं बाकडं माझ्याकडे बघत होतं. कण्हायचं थांबलं होतं. आता 'मांजर' म्हणावं तर पडद्यामागे डॉक्टर ऐकणार. न म्हणावं तर ताईची अब्रू! शेवटी मी म्हणाले, "खाला, किसी को बताना मत."

झालं. भिवंडीत एखादी गोष्ट 'किसी को बताना मत' म्हणून सांगितली की भोंगा लावायची गरज राहत नाही.

घरी येऊन मी सोनीला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. म्हणजे चमचाभर तिला, वाटीभर मला आणि उरलेलं सोफ्याला. माझ्या हातावर तिच्या नखांची रांगोळी. आणि एवढं करून ती कुठे गेली? टबात!

दुसऱ्या दिवशी आई बाजारातून आली ती गोंधळलेली. "काय गं, भाजीवालीने न मागता कोथिंबीर दिली. आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, सगळं ठीक होईल ताई. काय ठीक होईल?"

मी कोथिंबीर निवडायला घेतली. आयुष्यात एवढी कोथिंबीर मी कधी निवडली नव्हती.

आमच्या गल्लीतून कापडाच्या गाठी टेम्पोत भरून कशेळीच्या गोडाऊनला जातात. गाठींबरोबर बातम्याही जातात, त्यांना भाडं लागत नाही. आणि ताईच्या सासऱ्यांची गोडाऊनं कुठे? कशेळीला.

रविवार आला. सोनीचं पोट होतं तसंच. बाबांनी गोणी आणली. मी गोणीचं एक टोक धरलं, बाबांनी दुसरं.

"सोड."

"नाही सोडणार."

"अगं, सोड म्हणतो ना!"

"मग मलापण घाला गोणीत!"

ही आमची रस्सीखेच चालू असताना सोनी कॉटखालून निघून शांतपणे बाल्कनीत गेली. आणि दाराची बेल वाजली. मी दचकले, गोणी सुटली, बाबा मागच्या मागे सोफ्यावर.

दारात कोण? ताईच्या सासूबाई! अस्सल आगरी बाई, नऊवारी, नाकात नथ, आणि कपाळावर आठ्या. मागे ताई, रडून लाल झालेली. ताईच्या कडेवर पिंकी, ठणठणीत, हातात चकली.

विहीणबाई आत आल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"सर, ही बगा तुमची पोर. नीट बगा. कुटं लागलंय का, कुटं मारलंय का?"

बाबा सोफ्यावरून कसेबसे उठले. "अहो, काय झालं विहीणबाई?"

"मना इचारता काय झालं? माजी सून माज्या चुलीपाशी भाकऱ्या थापते हाय, आन् टेम्पोवाला येऊन सांगतंय, तुमची सून पोर टाकून पळाली! आमी तिला हाकलली! नारपोलीत सगल्यांना म्हाईत हाय, फकस्त आमानाच न्हाय!"

ताई हुंदका देऊन म्हणाली, "आई, मी कुठे पळाले गं?"

आई म्हणाली, "मला काय विचारतेस? मला तर कोथिंबीर दिली!"

तेवढ्यात उघड्या दारातून नसीम खाला. हातात कागदाची पुडी. "भाभी, अनार का छिलका लाई हूं, सुखा के पीसा है, बच्ची को..." आणि ताई दिसली. पुडी खाली. "आ गई! शुक्र है! बेटा, बच्ची को ऐसे शेड में नहीं फेंकते रे!"

"कवनची बच्ची?" विहीणबाई कडाडल्या. "बच्ची तर ही काय!"

"तो फिर जुलाब किसको हुए?"

"मंग शेडमदी कोन घावली?"

"आणि पाल कोणी खाल्ली?" हे बाबा. डॉक्टरांनी त्यांना सकाळीच चौकात गाठून झापलं होतं, हे तेव्हा कळलं. बिचाऱ्या बाबांना वाटलं होतं, डॉक्टर त्यांना दुसरेच कोणी सर समजले.

मग एकेक करून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. बाबा, आई, ताई, विहीणबाई, खाला. पिंकीसुद्धा चकली चावायची थांबली.

मी भिंतीला टेकले. "मांजर," मी म्हणाले.

"काय?"

"भाची म्हणजे मांजर. आपली सोनी. मी दचकले हो! डॉक्टर एकदम ओरडले ना..."

आणि त्याच क्षणी लाइट गेली. लूम थांबले. लूमला सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारची ती शांतता कोणालाच अपेक्षित नव्हती. सगळं चिडीचूप. 

आणि मग एक आवाज. बाल्कनीतून.

चप्. चप्. चप्. चप्.

पिंकी बोट दाखवून म्हणाली, "माऊ मंमं."

आम्ही सगळे बाल्कनीच्या दारात गेलो. सोनी टबात बसली होती. पुढच्या पंजांत सुताचा गुंता धरलेला, डोळे मिटलेले, आणि तल्लीन होऊन ते धागे चाटत होती. मध्येच एखादा चावायची. किती दिवस चाललं होतं हे! पण लूमच्या खटाक-खटाकात तिचं ते चप् चप् कोणाला ऐकू येणार?

मी सुताचा गुंता उचलून नाकाला लावला.

आता ऐका. ताण्याच्या धाग्याला लूमवर चढायच्या आधी खळ लावतात. खळीत पीठ असतं. चरबीही असते, धागा तुटू नये म्हणून. हे भिवंडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं का? मी त्या वासात लहानाची मोठी झाले! शाळेत 'माझे गाव' या निबंधात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'सुताला पिठाची व चरबीची खळ लावतात.' बाईंनी खाली 'छान' असा शेरा दिला होता.

आणि त्या छान मुलीने इंग्रजी साइट वाचून, रेती फेकून, मांजरीच्या संडासात चरबी लावलेला खाऊ टोपलंभर पसरला होता! पोट बिघडेल नाही तर काय होईल?

विहीणबाईंनी एकदा टबाकडे बघितलं, एकदा सोनीकडे, एकदा माझ्याकडे. नथ हलायला लागली. आधी वाटलं रागाने.

"म्हंजी पोरी," त्या म्हणाल्या, "जनावर जेवतंय त्या ताटान तू त्याला हगाया बसवतेस, आन् ते ताटातून उठून बाहेर जातंय, तर त्याला गोणीन घालता?"

आणि जे हसल्या! पदर तोंडात कोंबून, दाराला धरून. ताई हसली. खाला खाली बसून हसल्या. आईने पाणी आणलं ते हसता हसता विहीणबाईंच्या लुगड्यावर सांडलं. ताईने पिंकीला खाली सोडलं आणि विहीणबाई बाबांना म्हणाल्या, "सर, तुमची मांजर शानी हाय हो. तिला न्हाय सोडायची. दुसरीचं बगा कायतरी."

बाबा हसत नव्हते. ते गोणी हातात घेऊन उभे होते. त्यांनी ती उघडली, आत पाहिलं, मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. खरंच मापच घेत होते.

"गोणी आणलीच आहे," बाबा म्हणाले, "तर अंजूरला कोणीतरी जायलाच पाहिजे."

आणि गेलं कोण? मी! बाबांच्या मित्राच्या घराचं काम चाललं होतं अंजूरला, दारात खाडीच्या रेतीचा ढीग. ज्या गोणीतून सोनी जायची होती तीच गोणी खांद्यावर टाकून मी गेले, हातांनी रेती भरली, आणि कपाळावरचा घाम पुसत परतीच्या शेअर रिक्षात बसले. गोणी मांडीवर. बाजूला एक आजीबाई आणि मासळीची पाटी घेतलेली एक बाई.

आजीबाईंनी गोणीला बोट लावून पाहिलं. "काय गो पोरी, काय हाय यान?"

त्यांनी एकदम विचारलं, मी दचकले. पण मनाशी म्हटलं, मीनल, बास. भाची नाही, पुतणी नाही, कोणी नाही. या वेळी खरं म्हणजे खरंच सांगायचं. स्पष्ट, मोठ्याने, एका वाक्यात.

"मांजरीचा संडास!"

मागची अख्खी सीट मला मिळाली. नारपोलीपर्यंत.